ना आच, ना झाळकाम: दोन पकडी आणि वाटीभर कड्यांतून चेनमेलची कानातली बनतात कशी?

इन्स्टाग्रामवर अशी रील तुम्ही एकदा तरी बघितली असेल. चेहरा दिसत नाही, फक्त दोन हात. हातांत दोन पकडी, समोर वाटीत तांब्याच्या नाहीतर चंदेरी बारीक कड्या. टक, टक, टक. तीस सेकंदांत दोरखंडासारखी पिळदार साखळी तयार होते, तिला हुक लागतो आणि ती कानात जाते. खाली कॉमेंटमध्ये दोनच प्रश्न. एक, "प्राइस प्लीज". दोन, "हे केलं कसं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी घेऊ. पहिला प्रश्न दिसायला साधा आहे, पण घरी दागिने बनवून विकणाऱ्या भल्याभल्यांचं गणित तिथंच फसतं. त्याच्याकडे शेवटी येऊच.

चेनमेल म्हणजे आपलं चिलखत

चेनमेल मधला 'मेल' ई-मेलचा नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्याही मागे लॅटिन 'मॅक्युला' हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ डाग आणि दुसरा अर्थ जाळ्याचं एक घर. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात जसं घराला घर लागून असतं, तसं इथे कडीला कडी.

मराठी माणसाला हे नवीन नाही. चिलखत म्हटलं की आपल्याला थेट 10 नोव्हेंबर 1659 आठवतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत चढवलं होतं, हे आपण चौथीच्या इतिहासापासून ऐकत आलोय. अंगरख्याच्या आत लपेल, अंगाबरोबर वाकेल आणि तरी शस्त्राचं पातं अडवेल, हीच या कड्यांच्या विणीची खासियत. कड्यांच्या चिलखतात माणूस सहज बसू-उठू शकतो.

युरोपात ही वीण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपास केल्ट लोकांकडे होती, रोमन सैन्यानं ती त्यांच्याकडून उचलली. हिंदुस्थानात मुघल आणि दख्खनी सैन्यात 'जिरह' आणि 'बख्तर' हे शब्द रुळले. अशा एका अंगरख्यात वीस-तीस हजार कड्या सहज असायच्या आणि वजन दहा किलोच्या आसपास जायचं. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीची दोन टोकं चपटी करून, त्यांना भोक पाडून, त्यात रिव्हेट ठोकलेला असायचा. तलवारीचा वार बसल्यावर कडी उघडता कामा नये, म्हणून.

कानातल्यावर कुणी वार करत नाही. त्यामुळे छंद म्हणून चेनमेल करणारे रिव्हेटच्या भानगडीत पडत नाहीत. कडीची दोन टोकं फक्त एकमेकांना घट्ट भिडवायची, काम झालं. आणि हा एक फरकच या छंदाला फ्लॅटच्या हॉलमध्ये घेऊन येतो.

नेरूळच्या वन-बीएचकेत हे का जमतं

दागिना घडवायचा म्हटलं की आच लागते. सोनाराकडे बत्ती असते, सुहागा असतो, आम्ल असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला 'चांदीनगरी' म्हणतात. तिथलं पैंजणाचं काम घराघरांत चालतं आणि त्यात कड्या जोडायचं कामही असतं, पण जोडलेली कडी पुढे झाळावी लागतेच. पैंजण रोज पायात आपटतं, त्यात नुसती भिडवलेली कडी टिकणार नाही.

नेरूळच्या एखाद्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, पडद्याच्या शेजारी बत्ती पेटवून बसणं शहाणपणाचं नाही. चेनमेलला यातलं काही लागत नाही. चपट्या तोंडाच्या दोन पकडी, कड्या, हुक, खाली अंथरायला एक जाडसर कापड (नाहीतर कडी घरंगळत सोफ्याखाली जाते आणि ती परत मिळत नाही) आणि चांगला उजेड. बस. पकडीच्या तोंडाला आतून खाचा नसाव्यात, एवढं बघून घ्या. घरातल्या टूलबॉक्समधल्या पकडीला खाचा असतात आणि त्या मऊ तांब्यावर दातांसारखे ओरखडे काढतात.

सगळा खेळ एका भागाकाराचा

इथं थोडं थांबून वाचा, कारण यूट्यूबवर बघून सुरुवात केलेले बहुतेक जण इथंच अडकतात.

कडीची दोन मापं असतात. एक, तारेची जाडी. दोन, कडीच्या आतल्या पोकळीचा व्यास. पोकळीच्या व्यासाला तारेच्या जाडीनं भागलं की जो आकडा येतो त्याला छंदातले लोक 'ए आर' म्हणतात, म्हणजे आस्पेक्ट रेशो. कडी किती 'मोकळी' आहे ते हा आकडा सांगतो. कोणती वीण जमेल आणि कोणती नाही, हे तारेच्या जाडीवर एकट्याने ठरत नाही, या आकड्यावर ठरतं.

'युरोपियन फोर-इन-वन' ही चिलखताची मूळ वीण. यात प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात आणि सपाट जाळी बनते. तिला आकडा साधारण 3 च्या पुढचा हवा. रीलमध्ये दिसणारी ती पिळदार दोरीसारखी वीण म्हणजे 'बायझेंटाइन'. तिला साडेतीनच्या जवळपासचा आकडा बरोबर बसतो. आकडा कमी असेल तर शेवटची कडी घुसतच नाही. फारच जास्त असेल तर घुसते, पण वीण ढिली पडते आणि कानातलं न दिसता नुसती लोंबणारी साखळी दिसते.

आता भारतातली खास अडचण. परदेशी व्हिडिओत सांगतात: "18 गेज तार, साडेतीन मिलिमीटरची कडी घ्या." आपण दुकानात जाऊन 18 गेज मागतो. पण अमेरिकेतलं गेज वेगळं आणि आपल्याकडे चालणारं ब्रिटिश पद्धतीचं गेज वेगळं. अमेरिकन 18 म्हणजे 1.02 मिलिमीटर. आपल्या दुकानातलं 18 म्हणजे 1.22 मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो ना? भागाकार करून बघा. 3.5 भागिले 1.02 केलं की 3.4 येतात, बायझेंटाइन जमते. 3.5 भागिले 1.22 केलं की 2.9 येतात आणि ती वीण काही केल्या जमत नाही. माणूस तासभर झटतो, बोटं दुखवून घेतो आणि "मला हे जमणारं नाही" म्हणून पकडी ठेवून देतो. दोष हाताचा नसतो. म्हणून दुकानात गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. त्याहून बरं म्हणजे शे-दोनशे रुपयांत कुठला तरी साधा व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर तो घेऊन ठेवा.

माल कुठून आणायचा

ऑनलाइन तयार कड्यांची पाकिटं मिळतात, 'जंप रिंग' नावानं. सोयीची आहेत, पण त्यावर बहुतेकदा एकच माप छापलेलं असतं, तेही बाहेरच्या व्यासाचं. वरचा भागाकार करायचा तर बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी दोनदा वजा करावी लागते. शिवाय या कड्या साधी जोडणी करायला बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांची टोकं बऱ्याचदा तिरकी कापलेली असतात आणि नीट भिडत नाहीत.

नेरूळहून हार्बर लोकलनं साधारण तासाभरात मशीदला उतरलं की जुन्या मुंबईचा बाजार चालत गाठता येतो. पायधुनीला तांबाकाटा आहे, नावातच सगळं आलं. झवेरी बाजार आणि भुलेश्वरच्या गल्ल्यांत सोनारकामाची हत्यारं आणि इमिटेशन दागिन्यांचं सुटं सामान मिळतं. एक पर्याय मात्र घराजवळच असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही: मोटर वायंडिंगचं दुकान. पंख्याच्या आणि पंपाच्या मोटरमध्ये गुंडाळतात ती तांब्याची तार, गेजप्रमाणे, वजनावर. तिच्यावर वार्निशसारखा थर असतो, त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही. पकड घसरली की मात्र तो थर खरवडला जातो, ते डोक्यात ठेवा.

कड्या घरी करायची युक्ती आपल्या आजीच्या पिशवीत आहे. लोकर विणायची 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटरची असते. तिच्यावर 20 गेजची (आपल्याकडच्या 20 गेजची, म्हणजे 0.91 मिलिमीटर) तांब्याची तार वेटोळ्याला वेटोळं चिकटवून गुंडाळायची. सुईवरून काढल्यावर तार किंचित सैलावते, त्यामुळे पोकळी सुईपेक्षा जराशी मोठी होते. भागाकार साडेतीनच्या थोडा वर येतो. बायझेंटाइनसाठी झकास.

मग ही स्प्रिंग कापायची. साध्या कटरने कापलं तर एक टोक सपाट येतं आणि दुसरं चिमटल्यासारखं टोकदार. बंद केल्यावर तिथे फट दिसते आणि केस अडकतात. सोनारकामाच्या बारीक करवतीनं कापलं की दोन्ही टोकं सपाट येतात. करवत धरायला हात बसावा लागतो, पाती तुटतात, पण कडीतला फरक डोळ्यांना लगेच कळतो. कशानंही कापा, चष्मा लावा. तुटलेला तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

पहिली जोडी

कडी उघडायची पद्धत शिकली की अर्धं काम झालं. कडीची टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, तसं केलं की तिचा गोल आकार जातो तो परत येत नाही. एक टोक स्वतःकडे आणि दुसरं पलीकडे, असं दार उघडल्यासारखं सरकवायचं. बंद करताना तसंच उलट, पण टोकं एकमेकांना घासत थोडी पुढे नेऊन मागे आणायची. नीट भिडली की 'टिक' असा बारीक आवाज येतो. तो आवाज कानाला ओळखीचा होईपर्यंत पंधरा-वीस कड्या नुसत्या उघडा-बंद करा. मात्र त्याच कड्या नंतर कामाला वापरू नका. तांबं वारंवार वाकवलं की कडक होतं आणि मग तुटतं.

बायझेंटाइन अशी चालते. दोन-दोन कड्यांच्या तीन जोड्या एकापुढे एक ओवा. पहिली जोडी चिमटीत धरा. तिसरी जोडी मागे दुमडा, एक कडी डावीकडे, एक उजवीकडे. आता मधल्या जोडीच्या कड्या जरा फाकवल्या की त्यांच्या मधून दुमडलेल्या कड्यांची डोकी वर आलेली दिसतील. त्या डोक्यांतून नवीन दोन कड्या ओवून बंद करा. गाठ बसली. पुढे आणखी एक जोडी, तिच्यापुढे आणखी एक, ही शेवटची पुन्हा मागे दुमडायची आणि तिच्यातून पुन्हा नवीन जोडी. एवढंच. वेणी घालताना तीन पेडांचा क्रम जसा हाताला कळतो, तसा हाही कळतो, फक्त पहिल्या दोन गाठी होईपर्यंत सगळं हातात विसकटतं. पहिल्या जोडीला जरा रंगीत दोरा नाहीतर यू-पिन अडकवून ठेवली की धरायला सोपं जातं.

या मापात एका कानातल्याला 40 कड्या धरा, जेमतेम इंचभर लांबी येते. वरच्या टोकाला हुक, झालं.

फोर-इन-वनची सपाट जाळी करून खाली निमुळता होत जाणारा त्रिकोणही छान दिसतो, पण तिथे एक गंमत आहे. या जाळीला कापडासारखा उभा-आडवा असतो. एका दिशेनं लटकवली तर ती ताणून मिटते, दुसऱ्या दिशेनं लटकवली तर पसरून राहते. हुक लावण्याआधी दोन्ही बाजूंनी उचलून बघा.

कानाला काय सोसतं

आता थोडं वजनाचं. वरच्या मापाच्या 40 कड्या तांब्यात केल्या तर साधारण 3 ग्रॅम भरतात, चांदीत साडेतीनच्या पुढे, ॲल्युमिनियममध्ये एक ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून खांद्यापर्यंत लोंबणारी डिझाइन्स बहुतेक ॲल्युमिनियमची असतात. साध्या ॲल्युमिनियमची काळपट भुकटी बोटाला आणि मानेला लागते, रंगीत ॲनोडाइज्ड कड्यांना तो त्रास नसतो.

खरी काळजी निकेलची. स्वस्तातल्या मिश्रधातूंत निकेल असतं आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचा कान एक-दोन दिवसांत खाजायला लागतो, लाल होतो, पाणी सुटतं. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. आपल्याकडे 'ऑक्सिडाइज्ड' दागिने बऱ्याचदा 'जर्मन सिल्व्हर' म्हणून विकले जातात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. युरोपीय संघात कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. यावरून विषय किती गंभीरपणे घेतात ते कळेल.

उपाय फार खर्चिक नाही. खालची वीण तांब्याची, पितळेची, कशाचीही असो. कानाच्या भोकात जातो तो हुक तेवढा चांगला घ्या. 925 चांदी, टायटॅनियम किंवा नायोबियम. 316 एल स्टीललाही लोक सर्जिकल स्टील म्हणतात. त्यात निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं राहतं आणि फारच कमी सुटतं. अतिशय संवेदनशील कानाला तेही नको.

तांबं आणि पितळ आपल्या हवेत काळवंडणारच. खाडीकाठचं शहर, त्यात जून ते सप्टेंबर दमट हवा, वर घाम. घासायला पितांबरीसारखी पावडर घेऊ नका, ती कड्यांच्या सांध्यांत जाऊन बसते आणि पांढरी दिसत राहते. लिंबू-मीठ किंवा चिंचेचं पाणी, मग साधं पाणी, मग पंख्याखाली पूर्ण कोरडं. वायंडिंगच्या वार्निशवाल्या तारेला याची गरज पडत नाही. ॲल्युमिनियमला तर आंबट लावूच नका.

आता 'प्राइस प्लीज'

गणित मांडू. वरच्या मापाच्या एका कडीला सुमारे 13 मिलिमीटर तार लागते. जोडीच्या 80 कड्या म्हणजे एक मीटरच्या थोडं वर. तांब्याचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 100 ग्रॅम तारेत, वाया जाणारं धरूनही, 14-15 जोड्या निघतात. तांब्याचा भाव काहीही असो, धातूचा खर्च चहाच्या कटिंगएवढाच.

आणि इथेच घोळ होतो. "मटेरियल तर एवढंसंच लागलंय, मग जास्त कसे मागू?" असं म्हणून जोडी 120 रुपयांना लावली जाते. पण वेळ मोजा. एक कडी उघडून, ओवून, बंद करायला सरासरी अर्धा मिनिट धरलं तर 80 कड्यांना 40 मिनिटं. तार गुंडाळणं, कापणं, हुक लावणं मिळून तास. त्यानंतर फोटो, कॅप्शन, डीएमला उत्तरं, पॅकिंग, कुरिअरवाल्याकडे चक्कर. दीड तास कुठेच गेला नाही. समजा हुक, डबी, कार्ड आणि तांबं मिळून 45 रुपये. 120 मधून 45 गेले, उरले 75. दीड तासाचे 75, म्हणजे तासाला 50 रुपये. तीच जोडी 250 ला गेली तर तासाला 137 च्या आसपास पडतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाकून बघा, पण मांडणी हीच ठेवा.

मला स्वतःला यात खटकतं ते असं, की घरच्या बाईनं केलेल्या कामाचा तास शून्य रुपयांचा धरायची आपल्याला सवय आहे. पापड-कुरडयांत ते झालं, भरतकामात झालं, आता इन्स्टावरच्या कानातल्यांत होतंय. "टाइमपास म्हणून करते" हे वाक्य छंदापुरतं ठीक. छंदच ठेवायचा असेल तर मैत्रिणींना भेट द्या, हिशेब हवाच कशाला? पण पोस्टखाली किंमत लिहिली की तो धंदा झाला, आणि तुम्ही तासाला 50 नं विकता तेव्हा शेजारच्या सेक्टरमधली दुसरी मुलगीही त्याच भावावर येते.

मशीननं विणलेल्या साखळीशी किमतीत स्पर्धा होणार नाही, तो नाद सोडा. मशीनकडे नसतं ते विका. ग्राहकाच्या कानाला हवी तेवढी लांबी. साडीच्या काठाला जुळणाऱ्या दोन रंगांच्या कड्या. आणि दुरुस्ती: एखादी कडी उघडली तर दोन मिनिटांत बदलून देता येते, कारण यात काहीच झाळलेलं नसतं. हे लोकांना माहीतच नसतं, सांगावं लागतं. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलेचे मेळे भरतात, तिथे एक चक्कर मारून लोक वस्तू हातात घेऊन काय विचारतात ते ऐका. "वजनाला किती आहे?" आणि "काळं पडेल का?" हे दोन प्रश्न तिथे हमखास ऐकू येतील.

त्याची उत्तरं डीएममध्ये पन्नास वेळा टाइप करण्यापेक्षा पोस्टमध्येच लिहून टाका. जोडीचं वजन ग्रॅममध्ये, लांबी इंचात, धातू कोणता, साफ कसं करायचं, किंमत किती. आणि हुक कशाचा आहे ते पहिल्या ओळीत.